शेवटचं दूध किती वाजता?

४ ऑगस्ट
आज हर्नियाचं तीन महिन्यांचं बाळ. वेळ सकाळी आठची होती. मध्येच तातडीचं सिझेरियन आलं आणि बाळाला टेबलावर घ्यायला साडेअकरा झाले. वॉर्डातल्या चिठ्ठीवर नेहमीचं वाक्य, ‘रात्री १२ नंतर काही देऊ नये.’ आईने ते अक्षरशः पाळलं. अकराला पाजून झोपवलं, त्यानंतर थेंब नाही. साडेबारा तास! टाळू खोल गेलेली, ओठ कोरडे, रडण्यात जोर उरला नव्हता. २४ नंबरची पिवळी सुई घेऊन दोन्ही हात शोधले, पाय शोधला. चौथ्यांदा टोचल्यावर शीर मिळाली. साखर ४४. आधी दहा टक्के डेक्स्ट्रोज दिलं, मग भूल. ऑपरेशन नीट झालं, बाळ ठीक आहे.

काल संध्याकाळी तपासायला गेले तेव्हा ती चिठ्ठी मी वाचली होती. बदलली नाही. आई विचारत होती, “मॅडम, माझं काही चुकलं का?” चुकलं माझं, तसं तिला सांगितलं.

५ ऑगस्ट
उपाशी ठेवण्याचं कारण खोटं नाही. भुलीत गिळणं-खोकणं थांबतं. पोटातलं वर आलं तर फुप्फुसात उतरतं. न्यूयॉर्कच्या मेंडेलसन यांनी १९४६ साली बाळंतपणात भूल दिलेल्या स्त्रियांबद्दल हेच लिहिलं. त्या धास्तीतून पुढे रात्री बाराचा सरसकट नियम रुळला.

पण तान्ह्याच्या यकृतात साखरेचा साठा तो केवढा! शिवाय दूध-दुधात फरक. गाईच्या दुधात केसिन जास्त, पोटात त्याचे घट्ट गोळे होतात. आईच्या दुधाची गुठळी मऊ, लवकर पुढे सरकते. म्हणून ६-४-२ : वरचं दूध सहा तास, अंगावरचं चार, साखरपाणी दोन. युरोपातल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये तान्ह्यांसाठी ते ४-३-१ वर आणलं. मी तूर्त ६-४-२ वरच आहे. मात्र तेवढे तास हवेतच, आणि त्याहून फार नकोत.

९ ऑगस्ट
नवी चिठ्ठी केली. ‘१२ नंतर’ काढून टाकलं. प्रत्येक बाळापुढे वेळ : शेवटचं दूध इतक्याला, साखरपाणी इतक्याला, आणि ‘झोपलं असेल तर उठवून पाजा’. लिस्टमध्ये तान्ही आधी. उशीर होणार असेल तर ओटीतून वॉर्डात फोन. रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, “पहाटे चारला आईला उठवायचं आमच्याकडे लागलं.” आनंदाने म्हणाल्या.

१८ ऑगस्ट
दुभंगलेल्या ओठाचं चार महिन्यांचं बाळ, आठची वेळ. चारला आईने पाजलेलं. “नंतर काही खाल्लं का?” आई म्हणाली, नाही. आता मी तेवढ्यावर थांबत नाही. आजीजवळ बसले. “आजी, सकाळपासून तोंडात काय काय गेलं?”

“पाचला गुटी तेवढी दिली. आईच्याच दुधात उगाळली व्हती. गुटी म्हंजी काय खाणं हाय व्हय?”

पिशवीत फडक्यात गुंडाळलेली छोटी सहाण. त्यावर खारीक-बदामाचा ओला लगदा अजून चिकटलेला. दूध आईचं असलं तरी हा लगदा पाण्यासारखा पुढे जाणारा नव्हे. मी त्याला वरच्या दुधाचेच सहा तास धरते. आजीला एक शब्द बोलले नाही. रागावले असते तर पुढच्या वेळी तिने सांगितलंच नसतं. आठला एका मोठ्या मुलाला घेतलं, बाळाला सव्वाअकरा दिली. नऊला आईने पळीने साखरपाणी पाजलं. बाळाने जिभेने पळी चाटून घेतली.

सव्वाअकराला टाळू सपाट, हाताचे तळवे उबदार. पहिल्याच टोचणीत शीर.

दुपारी बाळ आईकडे दिलं तेव्हा आजी चिठ्ठी घेऊन आली. तिला वाचता येत नाही. कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, “हितं गुटीचं बी लिवा.”

लिहिलं. उद्या छापायला देते.