कपाटातला तराजू

रनाळ्यातल्या एका दुकानदाराने आमच्या शाळेला तराजू आणि वजने भेट दिली. मुले मोडतील, या भीतीने मी ती कपाटात कुलूपबंद ठेवली. ‘१ किलो म्हणजे १००० ग्रॅम’ फळ्यावरच शिकवत राहिलो.

एकदा नेहमी गप्प बसणाऱ्या मुलीने विचारले, “सर, एक किलो मिरची जड की एक किलो मीठ?”

“मीठ!” वर्ग ओरडला.

मी कुलूप काढले. नंदुरबार तर मिरचीचाच बाजार. दुसऱ्या दिवशी मुलांनी घरून दोन्ही आणले. शंभर ग्रॅम सुक्या मिरचीने पारडे भरून गेले, मीठ जेमतेम मूठभर. दांडी मात्र सरळ! मग ती मुलगी पाटी, कांदे, चप्पल, सगळेच तोलत सुटली.

भेट मुलांसाठी होती. ती अमानत मीच वर्षभर अडवली होती. आता कपाटाला कुलूप नसते.