धावफलकातली नावं

अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे शिरपूर जैन हे नाव देशभरातल्या जैन यात्रेकरूंना ठाऊक आहे. बाकीच्यांना वाशीम जिल्हा, मालेगाव तालुका असं सांगावं लागतं आणि लगेच ‘नाशिककडचं मालेगाव नव्हे’ अशी पुस्ती जोडावी लागते. या गावात अब्बांचं शिलाईचं दुकान आहे. आता ते धाकटा भाऊ चालवतो. दुकानाबाहेर भिंतीला एक फळा टांगलेला आहे. पूर्वी त्यावर ‘विसाव्या रोज्यानंतर ईदचे कपडे शिवायला घेतले जाणार नाहीत’ अशा सूचना असायच्या. २ जानेवारी २०१८ पासून त्यावर खेळाच्या बातम्या असतात. शाळेत शिकवायला जाण्याआधी मी तो रोज लिहितो. डाव्या बाजूला कालच्या सामन्यांचे आकडे, उजव्या बाजूला ‘आजच्या दिवशी’ म्हणून इतिहासातली एखादी नोंद. रमजानच्या शेवटच्या दिवसांत फळा पुन्हा कपड्यांच्या सूचनांकडे जातो, तेवढाच खंड.

मोबाइलवर क्षणाक्षणाचा स्कोअर दिसत असताना हा उद्योग कशाला, असं बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर या लेखात द्यायचं आहे.

पहिल्या दिवसापासून सांगतो. १ जानेवारी २०१८ ला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून हरवलं आणि रणजी करंडक जिंकला. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून ही स्पर्धा खेळत होता. म्हणजे साठ वर्षं आमचा संघ पेपरातल्या बारीक अक्षरांच्या धावफलकात हरत होता. अब्बा तो धावफलक चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाजवळ धरून वाचायचे. ‘झे.’ म्हणजे झेल, ‘गो.’ म्हणजे गोलंदाज, पायचीत, त्रिफळाचीत, अवांतर, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. घरात आमची बोली दखनी, अब्बांची शाळा उर्दूची. त्यांचं मराठी वाचन खऱ्या अर्थाने सुरू झालं ते क्रीडापानावरून. बाळ ज. पंडितांचं आकाशवाणीवरचं मराठी समालोचन त्यांच्या पिढीने कान लावून ऐकलं होतं. त्यामुळे हे शब्द त्यांच्या तोंडात सहज बसलेले होते.

त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिकसह ५९ धावांत ६ बळी घेतले. अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या. आमच्या शेजारच्या अकोल्याचा आदित्य ठाकरे हा पोरगा थेट अंतिम सामन्यात पदार्पण करून गेला. विजयी चौकार मारला वसीम जाफर यांनी. आणि कर्णधार होता नागपूरचा फैझ फझल, ज्याने त्या हंगामात ९१२ धावा काढल्या होत्या. त्याच १ जानेवारीला भीमा कोरेगावला दगडफेक झाली आणि ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. पेपर उघडला की पुढच्या पानांवर माणसं एकमेकांची आडनावं शोधत होती आणि मागच्या पानावर गुरबानी, वाडकर, ठाकरे, जाफर, फझल अशी नावं एकाखाली एक छापलेली होती. त्या सकाळी मी अब्बांचा फळा पुसला आणि तो धावफलक मोठ्या अक्षरात उतरवून काढला. लोक थांबून वाचत होते. दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी लिहावंसं वाटलं, मग रोजचंच झालं.

फैझ फझलचं नाव आमच्या मोहल्ल्यात का लागलं, हे आम्हालाच ठाऊक. भारत-पाकिस्तान सामना असला की चहाच्या टपरीवर कुणीतरी हसत हसत विचारतो, “काय मियाँ, आज कुणाकडून?” विचारणारा बहुतेक वेळा वाईट नसतो. सोयाबीनच्या भावावर कालच आपल्याशी बोललेला असतो. पण त्या प्रश्नाचं उत्तर देताना आवाज किती मोठा ठेवायचा, हसायचं की नाही, याचा हिशेब आपल्याला करावा लागतो. तो हिशेब त्याला करावा लागत नाही, फरक एवढाच. धावफलकात असा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे नाव, बाद कसा झाला, धावा किती. बस.

फैझ फझलची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तर एकाच सामन्याची. १५ जून २०१६, हरारे, झिंबाब्वेविरुद्ध एकदिवसीय सामना. नाबाद ५५. भारत १० गडी राखून जिंकला. त्यानंतर भारताकडून त्याला पुन्हा कधी खेळवलं गेलं नाही. एकदाही बाद न झाल्यामुळे त्याची सरासरी काढताच येत नाही. त्या रकान्यात आजही आडवी रेघ आहे. मुलांना सरासरी शिकवताना मी हे उदाहरण देतो. भागाकारात शून्याने भागता येत नाही, हे त्यांच्या कायमचं लक्षात राहतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा प्रथम श्रेणीत ९ हजारांहून अधिक धावा त्याच्या नावावर होत्या. २०१९ मध्ये विदर्भाने सलग दुसऱ्यांदा रणजी आणि पाठोपाठ इराणी करंडक जिंकला, तेव्हा पुलवामाचा हल्ला नुकताच झालेला होता. बक्षिसाची रक्कम शहीद जवानांच्या कुटुंबीयांना देण्याचं कर्णधार म्हणून त्यानेच जाहीर केलं.

तर डावी बाजू अशी सोपी असते, आकडे उतरवायचे आणि मोकळं व्हायचं. उजव्या बाजूने मात्र मला बरंच काही शिकवलं.

‘आजच्या दिवशी’साठी रोज एक नोंद शोधायची म्हणजे क्रिकेटबाहेरही भटकावं लागतं. असाच एकदा बेसबॉलकडे गेलो. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत बेसबॉलच्या प्रत्येक सामन्याचा जो तक्ता छापला जातो, तो रुळवण्याचं श्रेय हेन्री चॅडविक या बातमीदाराला देतात. हा माणूस जन्माने इंग्लंडचा, १८२४ चा, लहानपणी अमेरिकेत गेलेला. आधी तो क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. क्रिकेटचा धावफलक डोळ्यासमोर ठेवूनच त्याने बेसबॉलचा तक्ता बांधला. म्हणजे अब्बा नाकाजवळ धरून वाचत, त्याचाच हा अमेरिकेतला चुलतभाऊ.

त्या तक्त्यात १५ एप्रिल १९४७ चा एक सामना आहे. ब्रुकलिन डॉजर्सकडून जॅकी रॉबिन्सन पहिल्यांदा खेळला. त्याआधी कित्येक दशकं तिथल्या मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना घेतच नसत. त्याच्या नावापुढे त्या दिवशी फटके शून्य आणि धाव एक, एवढंच आहे. ज्याला इतिहास ठाऊक नाही, त्याला वाटेल, साधा दिवस. आज अमेरिकेत दर १५ एप्रिलला सगळ्या संघांचे सगळे खेळाडू त्याचा ४२ क्रमांक पाठीवर लावून खेळतात.

तेव्हा कळलं की धावफलक खोटं बोलत नाही, पण जो मैदानात येऊच दिला गेला नाही, त्याच्याबद्दल तो काहीच बोलत नाही. काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीग होत्या. तिथला जॉश गिब्सन हा फलंदाज रॉबिन्सनच्या त्या सामन्याच्या तीन महिने आधी वारला. मोठ्या लीगमध्ये त्याला एकही चेंडू खेळायला मिळाला नाही. पण अभ्यासकांनी जुन्या पेपरांतून त्या वेगळ्या लीगचे तक्ते गोळा केले. मे २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत नोंदींत मिळवले गेले, आणि कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबला मागे टाकून पहिल्या जागी जॉश गिब्सन आला. मरणानंतर ७७ वर्षांनी. आकडे कुणीतरी जपले होते, म्हणून हे झालं.

आपल्याकडचं उदाहरण तर पुण्याचंच आहे. पळवणकर बाळू पूना जिमखान्यात मैदानाची कामं करायचे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचे. पुढे ते हिंदू संघाचे सर्वांत मोठे गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण सुरुवातीला त्याच संघातले सहकारी त्यांच्याबरोबर चहा घेत नसत. त्यांचा कप वेगळा, जागा पॅव्हेलियनच्या बाहेर. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. ही नोंद फळ्यावर लिहिली, तेव्हा सातवीतल्या एका मुलाने विचारलं, “सर, बळी तर त्यांनीच घेतले ना? मग कप्तान का नाही केलं?” मी त्याला कारण सांगितलं. त्याला ते पटलं नाही, आणि पटू नये हेच बरं.

त्या काळी मुंबईतली सगळ्यात मोठी स्पर्धाच धर्मावर बेतलेली होती. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम, आणि १९३७ पासून पाचवा ‘इतर’ नावाचा संघ. आपल्या सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते ‘इतर’मध्ये. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध त्यांनी एकट्याने ३०९ धावा काढल्या, संघाची एकूण धावसंख्या ३८७. केवढा खेळ! तरी संघाचं नाव ‘इतर’. गांधीजींनी १९४० मध्ये या धर्मवार सामन्यांना विरोध केला होता. १९४६ नंतर स्पर्धा बंद झाली.

हे सांगण्याचं कारण, फळ्यावरून माझ्याशी दोन बाजूंनी वाद होतात. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणतात, “बेटा, अपने बच्चों के नाम बडे लिखा कर. उनको हौसला मिलेगा.” त्यांची भावना मला समजते. आपल्या मुलांना चांगल्या बातमीत आपल्यासारखं नाव क्वचितच दिसतं. पण वाडकरच्या १३३ लहान अक्षरात आणि फझलच्या धावा मोठ्या अक्षरात लिहायच्या, तर मी १९४६ मध्ये बंद झालेली स्पर्धा आमच्या दुकानाच्या भिंतीवर पुन्हा सुरू करेन. सगळी नावं एकाच मापात लिहायची, हा माझा नियम आहे.

दुसरी बाजू फेब्रुवारी २०२१ मध्ये दिसली. वसीम जाफर तेव्हा उत्तराखंडचे प्रशिक्षक होते. निवडीत ढवळाढवळ होते, असं म्हणून त्यांनी राजीनामा दिला. लगेच त्यांच्यावर संघात धर्म आणल्याचे आरोप सुरू झाले. त्यांनी ते जाहीरपणे, मुद्देसूद फेटाळले. अनिल कुंबळे यांनी उघड पाठिंबा दिला. बरीच मोठी नावं गप्प राहिली. १६ फेब्रुवारी हा जाफर यांचा वाढदिवस. मी उजव्या बाजूला लिहायला घेतलं, तर दुकानातलं एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, “भाऊ, राहू द्या ना यंदा. उगाच कशाला?” भावाने माझ्याकडे पाहिलं. त्याला धंदा सांभाळायचा होता, त्याचंही चूक नव्हतं.

मी लिहिलं, पण फक्त आकडे. रणजीत १२ हजारांवर धावा, तिथवर पोचलेला पहिला फलंदाज. रणजीचे दहा अंतिम सामने खेळला, दहाही जिंकला. त्यांतले दोन विदर्भाकडून. कसोटीत दोन द्विशतकं, त्यातलं एक कोलकात्यात पाकिस्तानविरुद्ध. मार्च २०१८, नागपूर, इराणी करंडक, वयाच्या चाळिशीत २८६. आरोपाबद्दल एक शब्द नाही, बचावाचाही नाही. गिऱ्हाईकाने वाचलं, पँटचं माप दिलं आणि गेलं. ते अजून येतं. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

अलीकडची एक गोष्ट. मार्च २०२५ मध्ये विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी जिंकली. त्या सामन्यात दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. ‘दानिश’ वाचून आमची पोरं खूश झाली. मग कुणीतरी आडनावावर बोट ठेवलं. फळ्यासमोर वाद सुरू झाला, दानिश आपला की त्यांचा? मी म्हटलं, दानिश म्हणजे फारसीत शहाणपण, ते कुणाच्या मालकीचं नसतं. आणि हा दानिश विदर्भाचा आहे. मग एकाने विचारलं की पुढच्या वर्षी तो आयपीएलला जाईल का, आणि सगळे तिकडे वळले.

आता उजव्या बाजूची एक उणीव सांगतो. तिथे लॉर्ड्स असतं, इंदूर असतं, ब्रुकलिन असतं. शिरपूर नसतं. आमच्या गावात आणि आसपास टेनिस बॉलचे सामने वर्षानुवर्षं होत आले. मोहल्ल्याचे संघ होते, गल्लीचे होते, मिसळलेलेही होते. पण त्यांच्या गुणवह्या कुठे आहेत? कुणाची रद्दीत गेली, कुणाची पावसात भिजली. जॉश गिब्सनचे आकडे जुन्या पेपरांत तरी सापडले, आपले पेपरातही आले नाहीत.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात, तालमीच्या कपाटात, मशिदीजवळच्या वाचनालयात जुनी गुणवही, करंडकाबरोबरचा फोटो, स्पर्धेचं पत्रक असं काही असेल, तर फेकू नका. तारीख, संघ, नावं, धावा वेगळ्या वहीत उतरवून ठेवा. आणि ज्यांना संघात घेतलं नव्हतं, त्यांचीही नावं कुणाला आठवत असतील, तर तीही लिहा.