पाचोडचा कापूस, पैठणचा राजा

छत्रपती संभाजीनगरहून बीडच्या रस्त्याला लागलात, की आडूळच्या पुढे पाचोड लागते. गाव मोसंबीच्या बाजारासाठी नावाजलेले. पण वाचकहो, दिवाळीच्या सुमारास आलात तर जरा शिवारात शिरा. कमरेला ओटी बांधून बाया कापूस वेचत असतात. त्या बोंडाचा भाव परदेशाशी चाललेल्या राजकारणाला कसा बांधलेला आहे, हे समजून घ्यायचे तर आधी पैठणला जाऊन येऊ. तालुक्याचेच गाव ते.

दोन हजार वर्षांपूर्वी पैठण ही सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक टिपणांत तिचे नाव आहे. भडोच बंदराच्या दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर हे शहर, आणि इथून गाड्या भरभरून अकीकासारखे दगड भडोचला जात. माल आपला, बंदर मात्र क्षत्रपांचे! कल्याणला लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्यात लिहिले आहे. जहाज ज्याच्या बंदरात, जकात त्याची. वैराला आणखी काय लागते? पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाला हरवले. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का ठोकलेला होता.

आता परत पाचोडला या. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या बहुतेक मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क बसवले. कापडाचे कारखानदार हवालदिल झाले. बाहेरच्या कापसावरचे ११ टक्के शुल्क उठवा, ही त्यांची मागणी जुनीच होती. दिल्लीने ते १९ ऑगस्टपासून माफ केले; आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेला चुचकारण्याचाही हा भाग, असे अनेकांनी म्हटले. दुधाच्या बाबतीत मात्र दिल्ली हटली नाही. दूध घरोघर आहे आणि घरोघर मतेही आहेत, असे मला वाटते. कापूसवाला तेवढा मोठ्याने बोलत नसावा.

त्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, बोंडे भिजली. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, पण सरकारी केंद्रावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. म्हणून कापूस उन्हात पसरायचा, हात घालून पाहायचा, आणि उधारीवाला दारात आला की व्यापाऱ्याच्या काट्यावर न्यायचा.