आमच्या घराला किती तारे?

महर्षि कर्वे यांचें गांव म्हणून वाचकांस मुरुड ठाऊक असेल. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या दापोली तालुक्यास झोडपून गेलें, तेव्हां घराचें निम्मेंअधिक छप्पर आगरांत जाऊन पडलें आणि पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. पोफळींचें दुःख निराळें. नवें झाड फळास येईपर्यंत कित्येक वर्षें जातात. परंतु पावसाळा तोंडावर आणि डोक्यावर उघडें आकाश! घराचा विचार आधीं करणें भाग होतें.

“जुनें पाडून स्लॅबचें बांधा,” असें जो तो सांगूं लागला. माझा पुतण्या पुण्यास घरांचे आराखडे काढण्याचें काम करतो. तो म्हणाला, “काकू, पाडूं नकोस. ह्या घराला तारे मिळतील.”

पर्यावरणास कमींत कमी उपद्रव देणाऱ्या इमारतींना गुण देऊन एक ते पांच ताऱ्यांचें प्रमाणपत्र देणारी ‘गृह’ नांवाची पद्धति दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेनें केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या साहाय्यानें सिद्ध केली आहे. २५०० चौरस मीटरहून लहान बांधकामांसाठीं तिचीच ‘स्वगृह’ ही धाकटी बहीण आहे.

तो टेप व कागद घेऊन घरभर हिंडला. जांभ्याचा चिरा खाणींतून काढतांना मऊ असतो, वाऱ्यानें टणक होतो. त्यास भट्टी लागत नाहीं. उलट सिमेंटासाठीं चुनखडी सुमारें १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि इंधनाखेरीज त्या दगडांतूनहि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कौलें भाजलेलीं खरीं, परंतु न फुटलेलीं तींच पुन्हा चढवितां येतात. न्हाणीचें पाणी माडांच्या आळ्यांत जातें, हें पाहून तर त्याची पेन्सिल भराभर चालूं लागली.

ओटीवरच्या झोपाळ्यावरून सासूबाई हें सारें ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, माडाला पाणी घातल्याचे गुण दे, पण माझ्या डोळ्यांचे काप हो. पन्नास वर्षें त्या स्वयंपाकघरांत धूर खाल्ला मीं.”

पेन्सिल थांबली. स्वयंपाकघरास हातभर रुंदीची एकच खिडकी होती. धूर कौलांच्या फटींतून जाई, वाशांना कीड लागूं देत नसे. पण त्याआधीं तो बायकांच्या डोळ्यांतून जाई. वाडवडिलांनीं पर्यावरणासाठीं घर बांधलेंच नव्हतें. बैलगाडींतून जें आणतां आलें, त्यांत तें बांधलें. त्या काटकसरीचें मला कौतुक आहे. पण घरांतल्या बायकांचा जीव तिच्या हिशेबांत कोणीं धरला नव्हता, हेंहि खरें.

भिंती ठेविल्या, कुजलेले वासे बदलले, कडेचीं कौलें तारेनें जखडलीं. शाकारणी जाणणारीं माणसें मिळेनात. तो पावसाळा ताडपत्रीखालीं, भांडीं मांडून काढला. स्लॅबहून हें स्वस्त पडलें असेंहि नाहीं. प्रमाणपत्राचा विचार मात्र सोडला. त्याच्या शुल्काच्या पैशांत स्वयंपाकघरास दोन मोठ्या खिडक्या आणि आढ्याशीं काचेचीं कौलें बसविलीं. पुतण्या चार दिवस रुसला होता.

पहिल्या दिवशीं सासूबाई खिडकीशीं भाजी निवडीत बसल्या, वर पाहिलें आणि म्हणाल्या, “उजेड आला खरा; पण आतां जळमटें दिसूं लागलीं. केरसुणी आण पाहूं.”