चुकणारा नेम

मालवणच्या कौलारू घरात तिन्हीसांजेला दिवा लागला, की वाशामागून पाल बाहेर येते. पतंगावर दृष्टी खिळते. क्षणार्धात झेप, आणि पतंग तोंडात!

तिची एक दूरची बहीण अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या खडकाळ रानांतली. अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली ही पाल अनेक देशांत हौसेने पाळतात. निराळ्या रंगांच्या हव्यासाने माणसांनी या शतकाच्या आरंभी तिची ‘एनिग्मा’, म्हणजे ‘कोडे’, ही जात निपजविली. रंग सुंदर उतरला. पण त्याबरोबर मज्जासंस्थेचा विकारही आला. अशा पालीची मान कलते, ती जागच्या जागी गरगर फिरते. रातकिड्यावर झडप घालावी, तर जबडा रिकाम्या हवेवर मिटतो. भूक असते; नेम तेवढा साधत नाही.

मोकळे सोडलेले रातकिडे तिला सापडत नाहीत. उलट तेच तिला चावे घेतात. म्हणून पाळणारा एकेक जिवंत किडा चिमट्यात धरून तिच्या तोंडासमोर स्थिर ठेवतो. (त्या किड्याची दया कोणी करावी, हा प्रश्न उरतोच!) ती चुकते. तो हात मागे घेत नाही. ती पुन्हा चुकते. अखेर घास तोंडात येतो आणि ती सावकाश डोळे मिटून तो गिळते. मालवणच्या भिंतीवरील पालीला डोळे मिटता येत नाहीत. हिला पापण्या आहेत.