ग्राहीचा ठावठिकाणा

संप्रेरकांचा अभ्यास करणाऱ्या माझ्या पिढीला विद्यार्थिदशेत एक सिद्धान्त इतक्या निःशंकपणे पढवला गेला होता की, त्याच्याविषयी प्रश्न विचारावा असे आम्हांपैकी कोणाच्याही मनात आले नाही. रक्तातून वाहत येणारे इस्ट्रोजेन गर्भाशयाच्या पेशीत शिरले म्हणजे पेशीद्रव्यात वास करणारे ‘ग्राही’ नावाचे प्रथिन त्याला धरते, आणि मग ही जोडी केंद्रकात जाऊन तेथील जनुकांना जागे करते, असा तो सिद्धान्त होता. शिकागोचे एलवुड जेन्सन आणि इलिनॉय विद्यापीठाचे जॅक गोर्स्की या दोघांनी १९६८ साली तो मांडला, आणि पुढली सुमारे पंधरा वर्षे तो पाठ्यपुस्तकांत निर्वेध नांदला.

त्याच्या मुळाशी असलेले प्रयोग चोख होते, हे प्रथम सांगितले पाहिजे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस जेन्सन यांनी इस्ट्रॅडायॉल या इस्ट्रोजेनला किरणोत्सर्गी हायड्रोजन जोडून ते अल्पवयी उंदरिणींना टोचले आणि गर्भाशय ते जसेच्या तसे धरून ठेवते हे दाखवून दिले. ग्राहीच्या अस्तित्वाचा तो पहिला सबळ पुरावा. परंतु या पद्धतीत एक उणीव होती. ग्राही स्वतः कोणाच्या दृष्टीस पडत नसे. त्याला चिकटलेले संप्रेरक जेथे सापडेल तेथे ग्राही आहे, असे मानावे लागे. शिवाय शोधासाठी पेशी वाटून तिचे केंद्रक आणि द्रवभाग वेगळे करावे लागत. ज्याचा ठावठिकाणा शोधावयाचा त्याचे घरच पाडून मग तो कोणत्या खोलीत राहत होता हे विचारावे, तसा हा तपास होता.

यातून सुटण्याचा मार्ग अगदी निराळ्या इलाख्यातून आला. केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ साली प्रतिपिंड निर्माण करणारी उंदराच्या पाणथरीतील पेशी आणि अमर्याद वाढणारी कर्कपेशी यांचा संकर घडवला. अशा एकाच संकरपेशीच्या वंशातून मिळणारे सर्व प्रतिपिंड एकाच घडणीचे असतात आणि परक्या प्रथिनाच्या एकाच लहानशा जागेला ओळखतात. हेच मोनोक्लोनल प्रतिपिंड. साध्या रक्तजलातले नाना प्रतिपिंड म्हणजे जमावाचा गलबला. येथे एकच साक्षीदार एकाच मुद्द्यावर बोलतो, आणि त्याचा वंश जगवला की तीच साक्ष वर्षानुवर्षे मिळत राहते.

मी स्वतः या संकरपेशी वाढवण्यात उमेदीची अनेक वर्षे घालवली आहेत. शहाण्णव खळग्यांच्या बशीत पेशी पेरून, संकर न झालेल्या कर्कपेशी मारून टाकणाऱ्या द्रवात त्यांना ठेवून, दहा-बारा दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली एखाद्या खळग्यात द्राक्षाच्या घडासारखा पुंजका दिसला म्हणजे होणारा आनंद मला अजून आठवतो. आणि एक निराशाही आठवते. मोठ्या कष्टाने मिळवलेले आमचे एक प्रतिपिंड, उकळून उलगडलेल्या प्रथिनाला कडकडून धरी, पण आपल्या मूळ घडीत असलेल्या त्याच प्रथिनाला ओळखतच नसे. त्याची जागा घडीच्या आत दडलेली होती. प्रतिपिंड अक्षरे वाचते की आकार, हे आधी ठरवावे, हा धडा मी तेथे घेतला.

शिकागोत जेफ्री ग्रीन, जेन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० साली मानवी इस्ट्रोजेन-ग्राहीचे मोनोक्लोनल प्रतिपिंड जाहीर केले. त्यासाठी लागणारे ग्राही त्यांनी एमसीएफ-७ या स्तनकर्कपेशींतून शुद्ध केले होते. एका ख्रिस्ती जोगिणीच्या व्याधीतून प्रयोगशाळेत आलेला हा पेशीवंश. ग्राहीने संप्रेरक धरलेले असो वा नसो, हे प्रतिपिंड त्याला ओळखीत. मग १९८४ साली तेथीलच किंग आणि ग्रीन यांनी, प्रतिपिंड बसेल तेथे रंग उमटावा अशा रीतीने, ऊतींच्या गोठवलेल्या कापांवर त्यांचा उपयोग केला, तेव्हा रंग केंद्रकातच उमटला आणि संप्रेरक नसतानाही तेथेच उमटला! ‘नेचर’च्या त्याच अंकात गोर्स्की यांच्या प्रयोगशाळेने पेशींची केंद्रके काढून घेऊन दुसऱ्या वाटेने तोच निष्कर्ष दिला. रिकामे ग्राही केंद्रकात सैल बसलेले असते आणि पेशी वाटताना द्रवात निसटते, एवढाच काय तो घोटाळा. ज्या दोन प्रयोगशाळांनी तो सिद्धान्त उभा केला, त्यांतूनच त्याला छेद देणारा पुरावा यावा, हे मला विज्ञानाच्या इतिहासातले एक उदात्त प्रकरण वाटते.

रचनेच्या बाबतीतही हे प्रतिपिंड बोलके ठरले. ग्राही-संप्रेरकाच्या जोडीला प्रतिपिंड लागले आणि तरीही संप्रेरक सुटले नाही, तर त्याची जागा संप्रेरकाच्या खाचेबाहेर असली पाहिजे. दोन प्रतिपिंडे एकाच वेळी बसली, तर त्यांच्या जागा परस्परांपासून दूर. एच-२२२ या प्रतिपिंडाची जागा संप्रेरक धरणाऱ्या खंडातच निघाली, पण ते संप्रेरकाला धक्का लावीत नव्हते. याच प्रतिपिंडांच्या मदतीने ग्रीन आणि स्ट्रासबुर्गचे प्येर शाँबाँ यांच्या गटांनी १९८५ साली ग्राहीच्या जनुकाचे तुकडे वेचले, आणि पुढल्या वर्षी ५९५ ॲमिनो अम्लांची त्याची संपूर्ण लिपी वाचली गेली. मात्र प्रतिपिंडाला खाचेचे खरे रूप दाखवता येत नाही. त्यासाठी १९९७ मध्ये क्ष-किरणांनी स्फटिक तपासले जाईपर्यंत थांबावे लागले.

आज स्तनकर्काच्या गाठीच्या कापावर असेच प्रतिपिंड लावले जाते, आणि शेकडा एक केंद्रकही तपकिरी दिसले तरी गाठ ‘ईआर पॉझिटिव्ह’ ठरून टॅमॉक्सिफेनसारख्या औषधांचा विचार होतो. पण प्रतिपिंडाला ओळखता येईल अशा अवस्थेत ग्राही टिकले पाहिजे. तालुक्याच्या गावी काढलेली गाठ अपुऱ्या फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती दिलेली आणि रात्रभर एसटीने मुंबईला आलेली मी पाहिली आहे; तिच्या काचेवर रंग उमटला नाही तर त्याचा अर्थ कोणी काय लावावा? म्हणून शल्यचिकित्सकांना माझी विनंती आहे की, गाठ काढल्यापासून तासाभराच्या आत ती कापून भरपूर फॉर्मॅलिनमध्ये बुडवावी आणि ती वेळ कागदावर नोंदवावी. आणि वाचकहो, घरच्या कोणावर असा प्रसंग आला, तर ती नोंद झाली आहे की नाही, हे आपण होऊन विचारा.