2250 टप्पे

परवा मुलाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघत होतो. एक टोक मुंबईवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. भिंतीवरचा नकाशा बघितला की वाटतं, पूर्वेला निघायचं आणि सरळ पॅसिफिक ओलांडायचा. दोरा काही ऐकत नाही. तो चीन, सायबेरिया करत 76 अंश उत्तरेच्याही वर चढतो आणि आर्क्टिकवरून अलास्काकडे उतरतो.

आता प्रोग्रामर माणूस दोऱ्यावर थोडाच विश्वास ठेवणार :) हॅवरसाइनचं सूत्र घालून दहा ओळी खरडल्या. पृथ्वीची त्रिज्या 6371 किमी, दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश... उत्तर आलं साधारण 13,500 किमी. ताशी 900 ने भागलं की 15 तास. झालं!

रात्री साताऱ्याला फोन केला तेव्हा मोठ्या कौतुकाने बाबांना सांगितलं. बाबा एसटीत कंडक्टर होते.

"म्हंजे टप्पे किती रे?"

एसटीचा टप्पा 6 किमीचा. म्हणजे 2250.

"आणि मधे थांबे?"

इथे मात्र मी गप्प झालो.

2023 च्या पावसाळ्यात रात्री नऊला आईचा फोन आला होता. बाबांना ॲटॅक आला, दवाखान्यात नेलंय. मुंबईचं थेट विमान डिसेंबर 2022 मध्ये सुरू झालं होतं, पण ते आठवड्यातून तीनदाच, आणि माझा दिवस नेमका कोरडा. मिळालं ते दुबईमार्गे, दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. दुबईवरून गेलं तर एकूण अंतर सुमारे 15,000 किमी होतं. म्हणजे वाढलं फक्त दीड हजार. पण विमानाची वाट बघण्यात 19 तास, हवेत 16, दुबईत 4, पुन्हा हवेत 3, मुंबईत इमिग्रेशन आणि बॅगेत 2. पुढे सातारा जेमतेम अडीचशे किमी, तर पावसात आणि घाटात 6 तास. फोन ठेवल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत 50 तास. हॅवरसाइनमध्ये हे कुठेच बसत नाही. एसटीच्या वेळापत्रकात बरोबर बसतं.

तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं. कागदावर सही चुलतभावाची. आई म्हणाली, शुद्धीवर आल्यापासून दर तासाला विचारत होते, "कुठपर्यंत आला?" आणि तिला काय सांगायचं ते कळत नव्हतं, कारण तेव्हा मी कुठे आहे हे मलाही सांगता आलं नसतं. खाली नुसते ढग.

असो. बाबा आता ठणठणीत आहेत, रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात.

काल तोच प्रोग्राम पुणे-सातारा घालून चालवावा म्हटलं, मग म्हटलं कशाला, रस्त्याने 110 किमी हे पाठच आहे. 18-19 टप्पे. आमच्या कंपनीचं पुण्यात ऑफिस आहे. बदलीचा मेल लिहून ठेवलाय, दोन महिने झाले, ड्राफ्टमध्येच आहे. बायकोला अजून दाखवलेला नाही.